विनूचं बिनकाट्याचं निवडुंग

विनू,

काल सांगलीला तुझ्या आईकडे, माईंकडे जाऊन आलो. आमचा थोरला, दादा, बरोबर होता.

तू गेल्याची तार पलटणीत पोचली तेव्हा तुझं सगळं आटोपलं होतं. रजा मंजूर होऊन मी गावी येईपर्यंत तुझं तेरावंही उलटून गेलं. विषमज्वरानं माणूस इतक्या झटकन जातो हे मला ठाऊक होतं, पलटणीत पाहिलं होतं, पण त्या माणसांत तुला कधी धरलं नव्हतं. तुझे गुण सांगायला मी हे लिहीत नाही. ते तुझ्याबरोबर शिकवणारे मास्तर लोक सभा घेऊन सांगतील, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला तुझ्यासमोर नुसतं मान खाली घालून बसायचं होतं. ते आता व्हायचं नाही, म्हणून हा कागद.

लढाईच्या दिवसांत मी सिलोनहून पहिल्यांदा रजेवर आलो, ते तुला आठवत असणार. ट्रंकेत घरच्यांसाठी चहा आणि कापड होतं. तुझ्यासाठी मात्र नारळाच्या ओल्या काथ्यात गुंडाळलेला हिरव्या दोऱ्यांचा एक गुंता होता. कँडीकडच्या डोंगरात आमचा तळ होता, तिथं मोठमोठ्या झाडांच्या फांद्यांवरून ते लोंबायचं. न्हालेल्या बाईनं केस मोकळे सोडावेत तसं. पान एक नाही. सुतळीएवढ्या गोल, गुळगुळीत काड्या. एका काडीच्या टोकाला चार काड्या फुटलेल्या, त्यांच्या टोकाला आणखी, असं करत ते माणसाच्या उंचीइतकं खाली यायचं. आमच्यातल्या शिराळ्याच्या एका गड्यानं त्याची दोरी वळायला घेतली, तर काड्या पचापचा मोडल्या आणि त्याचे हात चिकट झाले. सगळे हसले. मला तू आठवलास. असलं काही दिसलं की मला तूच आठवायचास. लहानपणी मी फांद्यांवर चढून पाखरांची घरटी शोधायचो, आणि तू खाली उभा राहून विचारायचास, "पानं कशी आहेत? समोरासमोर की एकाआड एक?"

तुझ्या माडीवर तू तो गुंता सोडवलास. एक काडी उजेडात धरलीस, नखानं खरवडलीस, चष्मा कपाळावर सारून अगदी नाकाशी नेलीस. मग म्हणालास, "बापू, हे निवडुंग आहे."

मला वाटलं थट्टा करतोस. निवडुंग म्हणजे आपल्या माळावरचा फड्या. त्याचे काटे आपण एकमेकांच्या टाचांतून काढलेले.

"काटं कुटं हायत ह्येला?" मी म्हणालो. इंग्रजी शाळेत आपण एकाच बाकावर बसलो, पण बोलताना माझी जीभ गावचीच राहिली आणि तू ती कधी सुधारायला गेला नाहीस.

"नाहीत. पानंही नाहीत. ही हिरवी काडी आहे ना, तेच त्याचं खोड आणि पानांचं कामही तेच करतं. फड्याचं तरी दुसरं काय असतं? तू ज्याला फड्याचं पान म्हणतोस, तेही खोडच आहे."

"फड्या उनात वाढतो. ह्ये तर झाडावर हुतं. सावलीत, पावसात."

"तेच तर. निवडुंगाचं घराणं आणि झाडावर बसून राहतंय!" आणि तू असा हसलास, की जणू मी तुला सिलोनचं राज्य आणून दिलं होतं. तू त्याचं लॅटिन नाव सांगितलंस, रिप्सॅलिस. आमच्या वहिनीनं ते ऐकून 'शिलोनची येणी' असं बारसं केलं आणि गावात तेच चाललं.

तुझ्या परसातल्या विहिरीजवळच्या आंब्यावर, दोन फांद्यांच्या बेचक्यात तू ते काथ्यासकट बांधलंस. परसाच्या त्या दारानं आपण ये-जा करायचो. आतून कडी असली तरी फटीतून बांबूची कांब घातली की ती उचलली जायची. ती युक्ती पोरपणी मीच शोधली होती. पुढच्या दारी तुझे आजोबा बसलेले असत, म्हणून.

ते बांधलेलं बघायला चार माणसं आली, त्यांत दादाही होता. तो तुला म्हणाला, "आवं विनायकराव, चांगल्या आंब्याला बांडगूळ कशापायी लावताय?"

तू त्याला वेड्यात काढलं नाहीस. त्याच आंब्याच्या वरच्या फांदीवर खरं बांडगूळ होतं, ते फांदीसकट तोडून आणायला तू मला वर चढवलंस. मग कोयत्यानं तो सांधा उभा चिरलास आणि सगळ्यांना दाखवलंस. "हे बघा दादा. बांडगुळाचं मूळ आंब्याच्या लाकडात घुसतं. आंब्याचं पाणी ते ओढून घेतं. म्हणून इथं ही गाठ आलीय." तिथून तू सिलोनच्या गुंत्याकडे वळलास. कुठं कुठं काडीला फुटलेली केसासारखी मुळं दाखवलीस. "आणि ही मुळं सालीवर नुसती धरून राहतात. भेगेत साचलेली धूळ, कुजका पाला, पावसाचं पाणी, एवढ्यावर याचं भागतं. झाडाच्या अंगातलं हे काही घेत नाही. याला फक्त उंचावर बसायला जागा हवी."

"फुकाट उच्चावर बसाया मिळालं, म्हंजी काय कमी झालं व्हय?" दादा म्हणाला.

सगळे हसले. तूही हसलास. मीही.

पुढे लढाई संपली आणि मी रजेवर येत गेलो तसतसं ते वाढत गेलेलं दिसलं. तुझ्या घरी आल्यावर मी आधी विहिरीवर जायचो. एका रजेत त्याला फुलं होती, इतकी बारीक आणि फिकी, की तू दाखवलीस म्हणून दिसली. त्याच्या पुढच्या खेपेला फळं. भिजलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी, आरपार दिसणारी, आत काळं बी. तू एक फोडून माझ्या बोटावर ठेवलंस आणि म्हणालास, आता झटक. ते झटकून जाईना. "पाखरू हे खातं, चोचीला बी चिकटतं, मग ते चोच फांदीवर घासतं. झालं पेरून."

ते बी तू विटेच्या ओल्या तुकड्यावर टाकलंस. पुढं तू मला हाताला धरून नेलंस आणि भिंग दिलंस. विटेवर इवलीइवली गुबगुबीत रोपं होती आणि त्यांच्या अंगावर पांढरे, केसासारखे काटे.

"बघ पुरावा," तू म्हणालास. "लहानपणी काटे असतात. मोठेपणी झडतात. घराणं विसरलेलं नाही ते."

त्यावरूनच आपला वाद पेटला, जो अजून मिटला नाही. तुझं म्हणणं, निवडुंगाचं सगळं कूळ अमेरिकेतलं, तिथून हा एकटाच समुद्र ओलांडून आफ्रिकेत आणि सिलोनात पोचला, आणि तो पाखरांनीच नेला. मी म्हणायचो, एवढा समुद्र ओलांडून कुठलं पाखरू पोटात बी ठेवतंय? खलाशांनी नेलं असणार, माल बांधायला दोरीसारखं. तू म्हणायचास, तू शिपाई, म्हणून तुला जहाजं दिसतात. मी म्हणायचो, तू माडीवरनं खाली उतरत न्हाईस, म्हणून तुला पाखरं दिसतात. किती वेळा भांडलो आपण त्यावर! माई वरून ओरडायच्या, "अरे, जेवायला या, मग सांगा कुणी आणलं ते." सांगलीच्या खोलीत शेवटचे भेटलो तेव्हाही तू म्हणालास, पुण्याच्या एका प्राध्यापकांना विचारतो. विचारलंस की नाही, मला ठाऊक नाही. विनू, पाखरांनी नेलं असेल. मी हरलो असं समज.

दिल्लीत महात्म्याला प्रार्थनेच्या वेळी गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा मी उत्तरेत छावणीत होतो. मारणारा ब्राह्मण निघाला म्हणून आपल्याकडे गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली हे आम्हांला तिथं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी रजेवर आलो तेव्हा तुझ्या घराच्या चार काळ्या भिंती उभ्या होत्या. माडी खाली आली होती. तुझी वाळवलेली झाडं, कागदावर टाचलेली, शाळेच्या दिवसांपासून जमवलेली, त्यांतलं एक पान राहिलं नव्हतं. तू आणि माई सांगलीला गावभागात एका खोलीत राहायला गेला होतात.

आमच्या वहिनीनं मला घटाघटा पाणी पिऊ दिलं आणि मग सांगितलं. लोक लांबलांबनं आले, कोण कुठले कळलं नाही. पण दादांनी बैल जुंपले, माईंना आधार देऊन गाडीत बसवलं, विनायकरावांना बसवलं, आणि आष्ट्यापर्यंत स्वतः सोडून आले. "कुनाची छाती झाली न्हाई, भावजी. ह्येंची झाली."

मी दादाच्या पाया पडलो. त्यानं पाय मागं घेतले आणि गोठ्यात निघून गेला. मला वाटलं, लाजला.

मग मी तुझ्या परसात गेलो. आंब्याची घराकडची बाजू करपून गेली होती. विहिरीकडची बाजू हिरवी होती आणि त्या बाजूला तुझं निवडुंग लोंबत होतं, निम्मं जळून काड्यांचा कोळसा झालेलं, निम्मं जसंच्या तसं. मी हिरव्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि सांगलीला आलो. तू त्या हातात घेतल्यास आणि एकेक काडी उलटून पाहिलीस. नंतर म्हणालास, "मोडलेला तुकडासुद्धा जगतो याचा. जिथं टेकेल तिथं मूळ धरतो." तुझ्या खोलीला झाड कुठलं? तू एका लाकडाच्या ओंडक्याला काथ्या गुंडाळून त्यात ते बांधलंस आणि खिडकीत टांगलंस.

आता मला जे लिहायचं आहे त्याला हात चालत नाही.

त्या दिवशी, आणि त्यानंतर सांगलीला आलो त्या प्रत्येक वेळी, मी तुझ्यापुढं दादाचा मोठेपणा सांगितला. दादा नसता तर काय झालं असतं, असं म्हणायचो. तू म्हणायचास, "हो. गाडी त्यानंच आणली." दर वेळी एवढंच. मला ते तुटक वाटायचं. एकदा तर मला रागच आला. तुझ्या शाळेतले दोन मास्तर बसले होते, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "विनू, एक डाव गावाकडं येऊन दादाचं पाय धर. माईंचा जीव वाचवलाय त्यानं." माई चुलीपाशी होत्या, त्यांच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. तू माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "येईन. दादांना माझा नमस्कार सांग." मी गावी जाऊन तो नमस्कार पोचवला. दादा वैरण तोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

काल तो यायला तयार नव्हता. मीच त्याला ओढून आणला. दादा, तू ज्यांना वाचवलंस त्यांच्या घरी मयत झालंय, तोंड दाखवायला नको का, असं म्हणालो. मोटारीत तो माझ्यापासून लांब, मागच्या बाकावर बसला. तुझ्या दारात आल्यावर उंबऱ्याबाहेरच थांबला. मी आत जाऊन माईंच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग दाराकडे बघून म्हणाल्या, "दादा, बाहेर का? आत ये." तो आत आला. माईंनी त्याला फुलपात्रात पाणी दिलं. त्यानं हात पुढं केला नाही.

"माई, मला पानी नगा दिऊ."

"का रे?"

"परसाचं दार म्या उगडलं हुतं."

मला क्षणभर कळलंच नाही कुठलं परस आणि कुठलं दार. माई मात्र तशाच उभ्या होत्या, हात पुढं धरून.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "विनूनं माडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. पाणी घे."

दादा खाली बसला. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता, आमचे वडील, आबा, गेले तेव्हासुद्धा.

"म्होरलं दार मोडंना," तो म्हणाला. "लोक माघारी फिराया लागलं हुतं, माई. खरंच फिराया लागलं हुतं. म्या म्हनलं, मागनं हाय वाट. कांब घातली आन् कडी काडली. मला कुनी सांगितलं न्हाई. कुनाचं भ्या बी नव्हतं."

"मग का, दादा?" हे मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो माईंशीच बोलला. "ह्यो बापू तुमच्या माडीवर जायाचा, तुमच्यात जेवायाचा. त्याला न्ह्याया आलो की मी पायरीखाली हुबा. तुमचं सासरं वरनं माज्या वंजळीत पानी वतायचं, आन् पायरीवर शिंतुडा उडला तर ती धुवून घ्यायचं. बारकं पोरगं हुतो मी. त्या दिशी वाटलं, आज आत जायाचं. निस्तं आत जायाचं. आग लावतील आसं... लावतील, ह्ये बी ठाऊक हुतं मला. खोटं कशाला बोलू? आन् मग तुमी जिन्यावरनं उतरताना दिसला, तवा मी बैल जुंपाया पळालो."

माईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत तुझा ओंडका टांगलेला होता. त्या त्याला पाणी घालतात, खाली ओल होती.

"मामंजींचं ते वागणं मी रोज पाहत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "कधी बोलले नाही. ती चूक माझ्याकडे राहू दे. पण आष्ट्यापर्यंत आम्ही तुझ्या गाडीत बसून आलो, दादा. विनू तुझ्या पाठीकडे बघत होता सगळी वाट. उतरल्यावर मला म्हणाला, माई, बापूला यातलं काही कळता कामा नये. त्याला एकच भाऊ आहे."

मी तिथं होतो, विनू. हे माझ्यासमोर झालं. 'दादाचे पाय धर' म्हणणारा मी, आणि हसून 'येईन' म्हणणारा तू.

"तुला मी क्षमा केली, असं मी म्हणणार नाही," माई दादाला म्हणाल्या. "मला ते जमलेलं नाही. पुढं जमेल की नाही, कोण जाणे. पण उन्हातून आला आहेस, पाणी घे."

त्यानं दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि प्यायला.

निघताना मी माईंना काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाल्या, "तू येत जा हं, बापू." एवढं झाल्यावरही.

आष्ट्याला मोटारीतून उतरून घरापर्यंत चालत आलो. मी पुढं, दादा मागं. मी मनाशी ठरवत होतो. दादाच्या घरात आता पाणी प्यायचं नाही. उद्याच ट्रंक उचलायची, रजा उरली तरी पलटणीत जायचं, आणि दादाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. रस्त्याकडेच्या उसात वारं शिरत होतं. मागून दादा एकदाच बोलला, "बापू, शिव्या तरी दे रं." मी दिल्या नाहीत. मला वाटलं, माझं हे गप्प राहणंच त्याला शिक्षा आहे, आणि तुझ्यासाठी माझ्याकडून निदान एवढी तरी व्हावी.

घरी वहिनीनं ताटं वाढली. तिला काही ठाऊक नव्हतं. मी बसलो. दादा ओसरीच्या टोकाला जाऊन बसला, पाठ करून. वहिनी दोनदा बोलवायला गेली. तो उठेना. सदऱ्यातून त्याच्या पाठीची हाडं दिसत होती, तो इतका वाळलाय हे मी वर्षभर पाहिलंच नव्हतं. त्याच पाठीकडे तू आष्ट्यापर्यंत बघत गेलास. तुला तिथं काय दिसलं असेल, ते मला आता कुणाला विचारता येणार नाही.

आणि मग मी हाक मारली. "दादा, ये. जेव."

तो आला. मी माझ्या ताटातली भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली. माई 'जमलेलं नाही' म्हणाल्या तो दिवस अजून मावळला नव्हता, आणि माझा राग संपला होता. घर माझं जळलं नव्हतं. झाडं माझी गेली नव्हती. जे माझं नव्हतंच, ते मी त्याला एका भाकरीच्या तुकड्यावर माफ करून टाकलं, तुला न विचारता. तू ते वर्षभर एकट्यानं पोटात ठेवलंस, मला संध्याकाळपर्यंत धरवलं नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, भूक लागली होती, आणि तो माझा भाऊ आहे. आम्ही दोघे मांडीला मांडी लावून जेवलो, विनू, आणि मी वहिनीकडे आणखी एक भाकरी मागून घेतली.